बिनव्याजी हप्त्यावर फ्रिज : दुकानाला चार स्टार, फायनान्सच्या काउंटरला एक

पहिल्यांदा सरळ सांगून टाकते, दुकान वाईट नाही. माल भरपूर, पोरं नम्र, आत गेल्या गेल्या पाणी विचारतात, मराठीत बोललं तर मराठीत आणि कन्नडमध्ये बोललं तर कन्नडमध्ये उत्तर देतात, डिलिव्हरीला सांगितलेल्या दिवशी टेम्पो दारात. त्यामुळं दुकानाला चार स्टार देताना मला काहीच अडचण नाही. पण आत शिरलं की एका कडेला फायनान्सचं काउंटर असतं, दोन-तीन पोरं लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन बसलेली, वर मोठ्ठ्या अक्षरात ० टक्के व्याज, त्या सोयीबद्दल मला जास्त लिहायचंय कारण आजकाल बेळगावात फ्रिज टीव्ही घ्यायला गेलेला माणूस त्या काउंटरवरून गेल्याशिवाय बाहेर पडतच नाही. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही मोठ्या शोरूममध्ये जावा, हेच काउंटर, हीच बोलणी.

माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. राहायला अनगोळला. वहिनी सकाळी तिकडच्याच वर्कशॉपातल्या पोरांना डबे देते आणि दुपारनंतर इडली-डोशाचं पीठ विकते. त्यांचा जुना फ्रिज दसऱ्याच्या आसपास बंद पडला, गॅस भरून बघितला, परत बंद. पीठ विकणाऱ्या बाईला फ्रिज नाही म्हणजे धंदाच बंद की, त्यामुळं दिवाळीपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. मी एका वर्कशॉपचा हिशेब बघते म्हणून वहिनी म्हणाली तू पण चल, तुला आकडे कळतात.

गर्दी म्हणजे काय सांगू. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेला जीएसटी कमी झाला ना, त्याचे बोर्ड अजून लावलेले होते आणि सेल्सचा पोरगा पहिल्या वाक्यातच म्हणाला, अक्का जीएसटी कमी झालाय, आता घ्यायचा चान्स आहे. हे एक लक्षात ठेवा. त्या दिवशी २८ चा १८ टक्के झाला तो एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीचा. फ्रिज आणि वॉशिंग मशीन २०१८ च्या जुलैपासूनच १८ टक्क्यांवर आहेत, त्यांचा टॅक्स त्या दिवशी एक रुपयानं सुद्धा हलला नाही. पोराला मी हे सांगितलं तर त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो बोलायलाय. त्याच्यावर माझा राग नाही. टार्गेट असतं बिचाऱ्याला.

आता मुख्य मुद्दा. वहिनीला सिंगल डोअर हवा होता, साधा. त्यावर १८,५०० चं स्टिकर. पोरानं किंमत तोंडातून काढलीच नाही, तो म्हणाला, महिन्याला १,५४२ फक्त. आणि लगेच शेजारचा डबल डोअर उघडून दाखवला, पीठ बघा किती मावतंय, भाजीचा कप्पा बघा, बर्फ जमत नाही, आणि ह्याचा हप्ता २,६६७. म्हणजे अक्का महिन्याला अकराशेच जास्त, दिवसाला ३७-३८ रुपये, चहाचे पैसे. वहिनीच्या चेहऱ्यावर मला दिसलं की तिनं त्या डबल डोअरमध्ये पिठाचे डबे लावून पण टाकले. दादा पण मान हलवायला लागला. मी म्हटलं दोन्हींची किंमत सांग बघू. मोठ्याचं स्टिकर ३२,०००. म्हणजे दिवसाला चहाचे पैसे म्हणून जे सांगितलं ते खरं तर १३,५०० रुपये होते, दादाच्या पगारातला मोठा घास, आणि तो आकडा त्या सगळ्या बोलण्यात एकदाही कुणी उच्चारला नव्हता. मला ह्या सगळ्या हप्त्याच्या सोयीबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे, किंमत बोलायची बंद होते. माणूस "परवडतंय का" हे विचारत होता ते आता "महिन्याला बसतंय का" एवढंच विचारतो, आणि महिन्याला तर काय, वर्षभरावर पसरलं की काहीही बसतं.

मग बिनव्याजीचा हिशेब. हा मी तिथंच मोबाईलवर केला, तुम्ही पण करा, अवघड नाही. डबल डोअरची स्कीम होती १२ हप्त्यांची, त्यातले दोन हप्ते आजच भरायचे म्हणजे ५,३३४, वर प्रोसेसिंग फी ६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०८. म्हणजे आज खिशातून ६,०४२ जाणार आणि पुढचे १० महिने २,६६७. पोरगा म्हणतो बघा व्याज कुठंय, ३२,००० चा फ्रिज ३२,००० लाच. बरोबर. पण मी विचारलं, आत्ता सगळे पैसे रोख दिले तर? तर पहिल्यांदा म्हणाला रोखीला काही सूट नाही मॅडम, रेट फिक्स. मॅनेजरला बोलवा म्हटलं. मॅनेजर आले, साठीच्या आसपासचे, जुने व्यापारी माणूस, दोन मिनिटं बोलले आणि ३०,२०० ला देतो म्हणाले. म्हणजे फ्रिजची खरी किंमत ३०,२००, आणि हप्त्यानं घेणारा फीसकट ३२,७०८ देतोय, फरक अडीच हजाराच्या वर.

अडीच हजार म्हणजे काय मोठं, असं वाटेल. आता बघा. ३०,२०० च्या वस्तूसाठी आज तुम्ही ६,०४२ दिलेच, म्हणजे खरी उधारी झाली २४,१५८ ची. तिच्यावर १० महिन्यांत जास्तीचे गेले २,५०० च्या वर. वरवर हे १० टक्के दिसतं. पण २४,१५८ तुमच्याकडे १० महिने थोडेच राहतात, पहिल्या महिन्यापासून ते फिटत जातात, सरासरी काढली तर निम्म्याच्या जरा वर रक्कम तुमच्याकडे राहते. त्यामुळं वर्षाचा दर नीट काढला की तो २२ टक्क्यांच्या आसपास जातो. बोर्डावर ० आणि हिशेबात २२. आमच्याकडे सोसायटीचं, म्हणजे पतसंस्थेचं, कर्ज महाग म्हणून लोक नाक मुरडतात, ते ह्याच्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं.

हे काही लपूनछपून चाललेलं नाही, धंद्याची पद्धतच तशी आहे. व्याज फायनान्स कंपनी सोडत नाही, ते फ्रिज बनवणारी कंपनी किंवा दुकानदार तिला आधीच देऊन टाकतात आणि ते पैसे कुठून तरी निघायला हवेत म्हणून ते वस्तूच्या किमतीत असतात. रोखीनं घेणाऱ्यानं विचारलं तर त्याला ती सूट मिळते, नाही विचारलं तर तो दुसऱ्याच्या हप्त्याचं व्याज स्वतः भरून येतो. आरबीआयनं २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना लिहून कळवलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, क्रेडिट कार्डाच्या असल्या योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाखाली घालून गिऱ्हाइकाकडून घेतलं जातं. ते कार्डावरच्या हप्त्यांबद्दल बँकांना होतं. तेव्हापासून बोर्डावरचे शब्द थोडे बदलले, नो कॉस्ट म्हणायला लागले, आणि बजाज फायनान्सपासून मोठमोठ्या बँकांपर्यंत सगळ्यांच्या असल्या स्कीमा आता दुकानादुकानात आहेत. कार्डावर हप्ते केले तर अजून एक बारीक गोष्ट असते, व्याजाएवढी सूट आधी दिली तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो. तो कुणी सांगत नाही, स्टेटमेंट आल्यावर दिसतो.

एवढ्यावर काउंटर थांबत नाही. लॅपटॉपवर आकडा भरताना पोरानं एक्स्टेंडेड वॉरंटी २,४९९ ची आपणहून टाकली. विचारलं नाही, टाकली. वर म्हणाला हप्त्यात फक्त दोनशे वाढतात. मी फ्रिजच्या दारावरचं स्टिकर दाखवलं, कंप्रेसरला कंपनीचीच १० वर्षांची वॉरंटी लिहिलेली, मग ही कशाची? दरवाजाचं रबर, थर्मोस्टॅट, असं काहीतरी म्हणाला. काढायला लावली. मग एक कार्ड, त्याची वेगळी फी, त्यावर ७५,००० चं लिमिट मंजूर आहे म्हणे. दादाला फ्रिज हवाय आणि हा त्याला ७५,००० ची उधारी देऊन पाठवायलाय. "पुढं कधी मोबाईल घ्यायचा झाला तर कागद नकोत, नुसता ओटीपी." ह्या वाक्यात सगळा धंदा आहे बघा. पुढच्या वेळी विचार करायला मध्ये जो वेळ मिळत होता, कागद जमवायचे, कुणाला तरी जामीन मागायचं, बायकोला विचारायचं, तो वेळच ते काढून टाकतात.

आता कागदाबद्दल, आणि हे सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा कारण आमच्या भागात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. २०२४ च्या १ ऑक्टोबरपासून आरबीआयचा नियम आहे की असल्या प्रत्येक कर्जाला, फ्रिजचं असो नाहीतर मोबाईलचं, सही करण्याआधी एक छोटा कागद द्यायचा, त्याला केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणतात. किती कर्ज, किती हप्ते, सगळ्या फीसकट वर्षाचा दर किती, हप्ता चुकला तर काय लागणार, तक्रार कुणाकडे करायची, सगळं एका जागी. त्यात जे लिहिलेलं नाही ते पैसे तुमच्या मंजुरीशिवाय पुढं मागता येत नाहीत. आणि तो कागद कर्ज घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत पाहिजे, समजावून सांगितला पाहिजे आणि समजला म्हणून सही घेतली पाहिजे, असंही त्यात आहे.

मी कागद मागितला. पोरानं मोबाईल पुढं केला, इंग्रजीत, बारीक अक्षरं, खाली आय ॲग्री. दादा सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकला, कन्नड बोलतो झकास पण वाचायला अडखळतो, इंग्रजी तर सोडाच. मी म्हटलं मराठीत द्या. तर म्हणाला मराठीत नाही येत मॅडम, पाहिजे तर कन्नडमध्ये बघतो. कन्नडमध्ये पण निघालं नाही. मग तोंडी सांगायला लागला, आणि तोंडी सांगताना फी आली नाही, हप्ता चुकला तर काय ते आलं नाही, १२ हप्ते आणि शून्य व्याज एवढंच परत. ह्यात मी भाषेचं भांडण आणत नाही, इथं भाषेवरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. येळ्ळूरच्या बाईला मराठीत, बैलहोंगलच्या बाईला कन्नडमध्ये, तिला जे वाचता येतं त्यात द्या, एवढंच. अंगठा मशीनवर ठेवला आणि ओटीपी सांगितला की सही झाली, आणि ज्याची सही झाली त्याला कशावर झाली ते माहीत नाही, हे मला तिथं उभं राहून बघवलं नाही. आमच्या पुढं एक म्हाताऱ्या मावशी होत्या, वडगावच्या, नातवाला टीव्ही घ्यायला आलेल्या, त्यांनी तीन वेळा ओटीपी सांगितला. कशाचे तीन, कुणी विचारलं नाही.

आणि ती "ऑफर आजच" ची घाई. केएफएसमध्ये लिहिलेल्या अटी अशा हप्त्यांच्या कर्जाला कमीत कमी तीन वर्किंग डे तरी लागू राहतात, त्यामुळं कागद घेऊन घरी जाऊन वाचता येतो. दुकानाची सूट बदलेल, कर्जाच्या अटी बदलत नाहीत. ॲपवरून घेतलेल्या कर्जाला तर निदान एक दिवसाचा विचार करायचा अवधी पण आहे, त्यात मुद्दल आणि तेवढ्याच दिवसाचं व्याज देऊन बाहेर पडता येतं, दंड नाही, फार तर प्रोसेसिंग फी ठेवून घेतील. हे काउंटरवर कुणी आपणहून सांगितलं असेल तर त्या दुकानाला मी आत्ता पाच स्टार द्यायला तयार आहे.

एक गोष्ट कुणीच विचारली नाही. दादाकडे आधीच काय काय चालू आहे. आधार, पॅन, पासबुक, सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली त्याचा स्कोअर) बघितला आणि मंजूर. बाईकचा हप्ता चालू आहे, पोराच्या मोबाईलचा चालू आहे, वहिनीचं बायकांच्या गटातलं मायक्रोफायनान्सचं कर्ज आहे ज्याची दर आठवड्याला बैठक होते. मायक्रोफायनान्सला २०२२ पासून नियम आहे, वर्षाला ३ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घराला कर्ज देताना त्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कागदावर चांगला नियम आहे. पण गटाचं कर्ज आधी घेतलं आणि त्याच्यावर फ्रिज, मोबाईल, गाडी नंतर चढले तर ते निम्मं कधी ओलांडलं ते कोण बघणार? आमच्या गल्लीत एकाचा पगार १९,००० आहे आणि हप्ते ११,००० च्या वर, आणि तो मनुष्य दारू पीत नाही, जुगार नाही, कामाला दांडी नाही. सगळं "महिन्याला बसतंय" म्हणून घेतलेलं. एकेक हप्ता खरंच बसत होता.

सरकारला पण हे दिसलेलं आहे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्यासकट कर्नाटकात मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा जो त्रास पेपरात रोज येत होता, त्यानंतर फेब्रुवारीत राज्य सरकारनं वटहुकूम काढला, पहिल्यांदा राज्यपालांनी परत पाठवला, मग १२ तारखेला निघाला, धमकावून वसुली केली तर १० वर्षांपर्यंत शिक्षा आणि ५ लाखापर्यंत दंड. आरबीआयनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्येच बँकांना असल्या बिनतारण कर्जासाठी जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं. तिच्या जून २०२५ च्या अहवालात देशातल्या घरांवरचं कर्ज जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या, ४२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त घरकर्ज सोडून बाकीचं होतं. दिल्ली मुंबईचा आकडा वाटतो, पण अनगोळच्या एका गल्लीत उभं राहिलं तरी कळतं.

आमच्या भागात अजून एक अडचण आहे ती ह्या स्कीमा बनवणाऱ्यांना कळत नाही. हप्ता महिन्याच्या ठराविक तारखेला, बहुतेक २ किंवा ५, खात्यातून आपोआप जातो. पण इथं पैसा तसा येतो कुठं? शहापूर वडगावचे विणकर, त्यांचे माग सणाच्या आधी दिवसरात्र चालतात आणि नंतर महिना-महिना गिऱ्हाईक नाही. तालुक्यातला शेतकरी, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा १९६६ पासूनचा आहे पण कारखान्याचं बिल कधी येतंय ह्यावरच त्याची सगळी गणितं अडकलेली. पाच तारखेला खात्यात पैसे नसले की बँक वेगळे कापते, फायनान्सवाला बाऊन्सचे वेगळे लावतो, वर सिबिलला लागतं ते निराळं. २०२४ पासून एवढं बरं झालंय की दंडावर परत व्याज चढवता येत नाही. आणि वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही हा नियम आहे, फोन आला तर वेळेसकट लिहून ठेवा. कंपनीकडे आधी लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, नंबर १४४४८, पैसे लागत नाहीत.

उधारी आमच्या लोकांना नवीन नाही हे मला कबूल आहे. गल्लीतल्या किराणा दुकानात वही असायचीच, साडीवाला दारात येऊन गठ्ठा सोडायचा आणि पैसे महिन्याला थोडे थोडे न्यायचा. ते सगळं सोन्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही, खाजगी सावकाराच्या पायी घरं गेलेली आमच्याच नात्यात आहेत. पण किराणावाल्याला माहीत असायचं तुमच्या घरात कोण आजारी आहे, उसाचं बिल आलंय का, आणि तो स्वतःच म्हणायचा बस झालं अक्का, आधी मागचं द्या. काउंटरवरचं सॉफ्टवेअर बस झालं म्हणत नाही. उलट तुम्ही वेळेवर भरलं म्हणून लिमिट वाढवतं.

बचतीची सवय सुद्धा इथलीच आहे की. पिग्मी आमच्या कर्नाटकातच सुरू झाली, सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये, रोज दोन आण्यापासून घरी येऊन गोळा करायचे. ती बँक २०२० मध्ये कॅनरात गेली पण पिग्मीवाला अजून सोसायट्यांतून गल्लोगल्ली फिरतो. वहिनीची पण एका सोसायटीत पिग्मी होती, पिठाच्या पैशातून रोजचे थोडे. ती नेमकी पुरी व्हायला आलेली. दुकानातून तिनंच पिग्मीवाल्या काकांना फोन लावला, ते म्हणाले उद्या या, ११,००० च्या वर आहेत. (सोसायटी कुठली हे बघून ठेवा हं, आमच्या भागात बुडालेल्या सोसायट्या पण कमी नाहीत.)

मग दुसऱ्या दिवशी सिंगल डोअरच घेतला. १८,५०० चा १७,३०० ला, रोख, वर स्टँड फुकट. पिग्मीचे पैसे आणि राहिलेले दादाच्या दिवाळी बोनसमधले. वहिनी थोडी नाराज होती हे खोटं कशाला सांगू, डबल डोअर तिला मनापासून आवडलेला. पण महिन्याभरात पिठाची गिऱ्हाइकं परत आली आणि पाच तारखेला तिच्या खात्यातून काही जात नाही. फ्रिजबद्दल म्हणाल तर कूलिंग उत्तम, आवाज नाही, भाजीचा कप्पा लहान आहे, आठवड्यातून एकदा बर्फ काढायला लागतो. लाईट बिलात फारसा फरक जाणवला नाही. डिलिव्हरीच्या पोरांनी जुना फ्रिज खाली उतरवून पण दिला, त्याचे वेगळे मागितले नाहीत.

हप्त्यानं कधी घेऊच नये असं मी म्हणत नाही. वहिनीकडे पिग्मी नसती आणि धंदा बंद पडला असता तर सहा हप्त्यांची स्कीम घेऊन छोटा फ्रिज आणला असता तरी मी हो म्हटलं असतं, कारण तो फ्रिज स्वतःचा हप्ता कमावून देतो. माझ्या ऑफिसातल्या एकीनं शिलाई मशीन असंच घेतलं, ब्लाऊज शिवून हप्ते फेडले, आता स्वतःचं आहे. पण पोराला ४०,००० चा मोबाईल, भिंतीएवढा टीव्ही, आणि त्यावर वॉरंटी आणि कार्ड, ह्याला तो न्याय लागत नाही. आणि क्रेडिट कार्डाचं बिल थोडं थोडं भरत ठेवणं तर अजिबात नको, तिथं थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातं.

दुकानाकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. स्टिकरवर रोख किंमत मोठी लिहा आणि हप्ता तिच्या खाली लहान. वॉरंटी विचारून टाका. कागद वाचता येईल त्या भाषेत छापून हातात द्या. मॅनेजर काकांना मी हे तोंडावर बोलले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाले किमतीचं माझ्या हातात आहे, कागदाचं फायनान्सवाल्यांच्या हातात. किमतीचं अजून तरी झालेलं नाही, गेल्या आठवड्यात परत बघून आले. आम्ही कर्ज घेतलं नाही तरी बिलावर दिलेल्या नंबरवर दादाला मंजूर लोनचे फोन यायला लागले, ते १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत असं कळवणं) केल्यावर कमी झाले. त्याचा एक स्टार मी काउंटरच्या खात्यातून कापलाय.

पुढच्या महिन्यात खानापूरच्या मामींना वॉशिंग मशीन घ्यायचंय आणि त्यांना काही दिवसांची तरी उधारी लागणार आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी कुठंही कुणाला केएफएस मराठीत छापून हातात मिळाला असेल तर दुकान आणि कंपनी दोन्हीचं नाव सांगा, आम्ही तिथंच जाऊ.